पाच मापांचा डबा

५ जानेवारी, सोमवार

झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी अर्ध्यातूनच हात मागे घेतला, हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "उतरा खाली. तुम्हाला छळून मला काही दिसणार नाही."

मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं सोडवायला सिस्टरना यावं लागलं.

मग खुर्चीत बसवून समजावलं. रेडिएशन संपून सात महिने झाले. त्यानं आतली गाठ जळाली, पण वाटही आक्रसत चालली आहे. कातडी कातडीला चिकटते. आत बघताच आलं नाही तर आजार परत आलाय की नाही, कळणार कसं? भूल देऊन बघता येतं — पण माझ्या हृदयाचा रिपोर्ट उलटसुलट करून त्यांनी तोंड वाकडं केलं. "तो शेवटचा उपाय. आधी तो डबा काढा. दिला होता ना जाताना?"

दिला होता. कपाटात आहे. स्वेटरच्या मागे.

"का नाही वापरला?"

काय सांगणार! म्हटलं, "नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मला काय करायचंय त्याचं?"

सिस्टर फिसकन हसल्या. रेडिएशन विभागातल्या नर्स त्या, चष्मा आमच्याच दुकानातला, माझ्याच हातचा. "नवऱ्यासाठी नव्हता दिला, ताई. तुमच्यासाठी दिला होता."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुदत. कधी केलं, किती मिनिटं, कसं वाटलं ते लिहून ठेवा म्हणाल्या. म्हणून ही वही.

६ जानेवारी

डबा काढला. परत ठेवला.

७ जानेवारी

काढला. उघडला. ठेवला. प्रगती आहे!

८ जानेवारी

पाच नळकांडी. गुळगुळीत, फिकट जांभळी, सिलिकॉनची, टोकाला गोल, मागे धरायला रुंद बूड. एक नंबर करंगळीएवढी. पाच नंबर बघितली आणि झाकण लावलं. कुणाची थट्टा चाललीये?

सिस्टरना फोन केला. म्हटलं, "ते खाली घालायचं म्हणजे नेमकं —"

"खाली म्हणजे कुठे? तळमजल्यावर?"

मी शोकेसची काच पुसायला लागले.

"योनिमार्ग म्हणा, ताई. दिवसभर बुबुळ, बुबुळ करता तेव्हा लाजता का?"

दुकानात काउंटरवाली पोरगी समोरच होती. मी मान वळवून भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "योनिमार्ग." पोरीनं वर बघितलं. मी म्हटलं, "चष्म्याचा नवीन ब्रँड आहे."

११ जानेवारी, रविवार

दुपारी केलं. दार लावलं, पडदा ओढला, फोन बंद केला. मोठी चोरी करायला निघाल्यासारखी!

सिस्टरनी सांगितलेलं सगळं चिठ्ठीवर लिहून उशाशी ठेवलं होतं. हात धुवा. पाठीवर पडा, गुडघे वर. जेल भरपूर, पाण्यात विरघळणारं — तेल नको, व्हॅसलीन नको. बधिर करणारं मलम तर मुळीच नाही: "दुखणं हा तुमचा पहारेकरी आहे, त्याला झोपवायचं नाही." आणि हे दोनदा सांगितलेलं — "ढकलायचं नाही. टेकवायचं आणि थांबायचं. श्वास सोडताना शरीर जागा देतं."

माझ्या शरीरानं दिली नाही. एक नंबर नखाएवढी गेली आणि मांड्या लाकडासारख्या ताठ. दहा मिनिटं घड्याळाकडे बघत पडून राहिले. मग धुतली — कोमट पाणी, साधा साबण — फडक्यावर वाळत ठेवली. ती तिथे पडलेली बघून इतकी लाज वाटली की वर दुसरं फडकं टाकलं. घरात मी एकटी!

कसं वाटलं: काही नाही. रिकामं.

१४ जानेवारी

नखाएवढी.

१६ जानेवारी

तेवढीच.

२० जानेवारी, मंगळवार

लिफ्ट बंद. चार मजले चढून आले तर जिन्यात लिफ्टवाले बसलेले, हातात त्यांचा चष्मा, एक काडी वेगळी. महिन्यातून एकदा येतात बिल्डिंगची लिफ्ट बघायला. अठ्ठावन्नचे असतील. मागच्या वर्षी मी रेडिएशनहून येताना कधी भेटले, तर लिफ्टचं दार धरून उभे राहायचे, काही न विचारता.

"मॅडम, तुम्ही चष्म्याच्या दुकानात ना? बघा ना जरा. दिसत नाही तर तुमची लिफ्ट तळघरात जाऊन बसेल."

दारातच स्क्रू घातला. घरात बारका स्क्रूड्रायव्हर असतोच. काडी वाकडी बसली होती म्हणून गॅसवरच्या पातेल्याच्या वाफेवर धरून सरळ केली. बघत होते लक्ष देऊन. "जोर नाही लावत तुम्ही."

"जोर लावला तर तुटते. आधी गरम करायची, मग ती आपोआप ऐकते."

हे बोलले आणि माझं मलाच हसू आलं. त्यांना वाटलं त्यांच्या चष्म्याला हसते आहे.

२१ जानेवारी

आधी गरम पाण्यानं आंघोळ केली. गरम पाण्याची पिशवी पोटावर पंधरा मिनिटं. मग एक नंबर.

गेली. पूर्ण! मी मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले.

१ फेब्रुवारी, रविवार

दोन नंबर सुरू. सिस्टर म्हणतात ताण वेगळा, दुखणं वेगळं. ताण म्हणजे आळस देताना पाठीला होतो तसा. टोचलं, जळजळलं, आग झाली तर तिथेच थांबा, लहान मापावर या. "कुणी तुमची परीक्षा घेत नाहीये."

हे बरं सांगितलं. मी परीक्षेलाच बसल्यासारखी करते.

८ फेब्रुवारी, रविवार

लिहू की नको? वही माझी आहे. लिहिते.

आज दोन नंबर आत होती आणि ऊन पायावर आलं होतं. मी घड्याळ बघायचं विसरले. सहज, कंटाळा म्हणून, हळूच फिरवली, जराशी मागे घेतली, परत सोडली. आणि तो ताण — बरा वाटला. बरा नाही, खोटं कशाला लिहू. गोड वाटला. पोटातून खाली काहीतरी उमलत गेलं. मी श्वास धरला, मग आठवलं की धरायचा नसतो, सोडायचा असतो. सोडला. पुन्हा तेच.

पंचवीस मिनिटं झाली होती! नंतर उठून बसले आणि हसायला लागले आणि हसताहसता रडले.

चोपन्न वर्षं! हे माझ्यापाशी होतं आणि मला कुणी सांगितलं नाही. आमचे हे वाईट नव्हते. कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. दिवा बंद, पाच मिनिटं, मग घोरणं. त्यांनाही कुणी सांगितलं नसणार.

११ फेब्रुवारी

सिस्टरना विचारायचं होतं. फोनवर धीर होईना म्हणून जेल आणायच्या निमित्तानं गेले. म्हटलं, "ते करताना जर — म्हणजे समजा — कुणाला चांगलं वाटलं तर? काही बिघडतं का?"

त्यांनी कपाट उघडता उघडता माझ्याकडे वळून पाहिलं. हसल्या नाहीत. म्हणून मला त्या आवडतात.

"बिघडतं कसलं! चांगलं वाटतं तेव्हा रक्त तिकडे धावतं. त्या कातडीला रक्तच हवंय. डॉक्टरांना विचारून सांगते, पण मला माहितीय त्या काय म्हणतील." मग जेलच्या बाटल्या मोजत म्हणाल्या, "फक्त एक. मजेसाठी वापरायचं तरी नियम तेच. उलट जास्त कडक. औषध घेताना माणूस सावध असतं, मजेत विसरतं."

डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. सिस्टरनी संध्याकाळी मेसेज केला — एकच अंगठा.

१९ फेब्रुवारी

मूर्खपणा केला. इंटरनेटवर एक थरथरणारं यंत्र दिसलं, फुलांच्या चित्रांचं खोकं, मागवलं. उघडलं तर नव्या टायरसारखा वास! हाताला चिकट. बाजूनं एक शिवण आलेली, बोट फिरवलं तर खरखरीत. मी रोज काचेची धार बोटानं तपासते, असला माल आमच्या दुकानातून बाहेर जाऊ देणार नाही!

फोटो पाठवला. सिस्टरचा लगेच फोन. "घातलं नाहीत ना? नशीब. वास येतो तो प्लॅस्टिक मऊ करायच्या रसायनाचा. ते उकळून, धुवून, काही करून स्वच्छ होत नाही. टाका." मग कसं बघायचं ते सांगितलं: चांगल्या सिलिकॉनचं, वास नसलेलं, शिवण नसलेलं, बूड रुंद, पाण्यात धुता येणारं. सिलिकॉनचं जेल सिलिकॉनच्या वस्तूला लावायचं नाही, पृष्ठभाग खराब होतो. "आणि कुणाला उसनं द्यायचं नाही."

"कुणाला देणार मी? आक्काला?"

दोघी इतक्या हसलो की दुकानातून काउंटरवाली मागच्या खोलीत डोकावली.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. एकसष्ट वर्षांची. एका लग्नात ब्लाउजचा गळा एक बोट खाली आला म्हणून मला मांडवातून परत पाठवलं होतं तिनं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

लिफ्टवाले आले. लिफ्टला काही झालेलं नव्हतं.

"दारांचं बघायला आलो." दारं बघितली. मग माझ्याकडे चहा. त्यांची बायको बारा वर्षांपूर्वी वेगळी झाली, दुसऱ्याबरोबर सुखात आहे — हे स्वतःच सांगतात, कडवटपणा नाही. "मी तिच्याशी बोलायचोच नाही हो. लिफ्टशी बोलायचो."

जाताना म्हणाले, "पुढच्या मंगळवारी पण दारं बघावी म्हणतो."

मला चोपन्नाव्या वर्षी कानाची पाळी गरम झालेली कळली.

१ मार्च, रविवार

रक्त.

माझीच चूक. एप्रिल जवळ आला आणि — खरं लिहायचं तर — मंगळवार जवळ आला. तीन नंबर अजून अर्धीच जाते. मी वाट न बघता सरळ पाच घेतली. जेल थोडंच उरलं होतं, म्हटलं चालेल. श्वास धरला आणि ढकललं. जे जे नाही म्हणून सांगितलं, ते ते!

आग झाली. काढली तर लाल.

तासभर न्हाणीघराच्या फरशीवर बसून राहिले. डोक्यात एकच — आलं परत. परत आलं. केमो, केस गळणं, उलट्या, ते पांढरं मशीन, सगळं पहिल्यापासून. मुलगा दूर, त्याला कळवायचं कसं?

सिस्टरना फोन केला. आज त्यांची सुट्टी. तरी घेतला. "किती? एक पॅड भिजलं? नाही? ठिबकतंय की थांबलं? ताप? चक्कर?" मी सांगत गेले. "उद्या सकाळी या. रात्रीत वाढलं तर वाट न बघता तातडीच्या विभागात जायचं. आणि ताई — फोन केलात हे बरं केलं. बायका लपवतात."

२ मार्च

चीर. बाहेरच्या बाजूला, छोटी. डॉक्टरीणबाईंनी वरवर बघितलं, जेवढं दिसलं तेवढं. आतलं मात्र अजून माहीत नाही, ते एप्रिललाच. दहा दिवस सुट्टी. मग दोन नंबरपासून पुन्हा.

मला वाटलं ओरडतील. म्हणाल्या, "घाई कशाची होती?"

मी म्हटलं, "तुमच्या तारखेची."

"तारीख मी पुढे ढकलू शकते. कातडी नाही शिवू शकत रोज."

बाहेर आल्यावर सिस्टर हळूच म्हणाल्या, "तारखेचीच घाई होती?"

या बाईच्या नजरेला चष्म्याची गरज कशी पडली, देव जाणे.

३ मार्च, मंगळवार

लिफ्टवाले आले. डोकं दुखतंय म्हटलं. चहा न घेता गेले. दारं बघितली मात्र.

१३ मार्च

दोन नंबर. घाबरत. पण शरीर विसरलं नव्हतं. तिसऱ्या श्वासाला जागा दिली.

१५ मार्च, रविवार

नुसता हात. आज एकही माप नाही. ऊन, गरम पिशवी, मी. पुरे झालं. नव्हे, पुरून उरलं!

१८ मार्च

तीन. पूर्ण.

२२ मार्च, रविवार

आक्का आली आहे, आठवडाभर. डोळे तपासून नवा चष्मा करायचा आहे तिला. सकाळपासून माझं घर आवरते आहे. डाळीच्या डब्यांना लेबलं लावली. उशांची जागा बदलली. मी किती वाळले, केस किती आखूड कापले, एकटी का राहते, हेही चालूच.

डबा कपाटात ढकलला, पण काल रात्री धुतलेली दोन मापं न्हाणीघरातल्या फळीवर फडक्याखालीच राहिली, तिला काही दिसायची नाहीत.

२३ मार्च, सोमवार

दुकानातून आले तर आक्का स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली. समोर टेबलावर फडकं, फडक्यावर दोन जांभळी नळकांडी.

"हे काय आहे?"

क्षणभर वाटलं, सांगावं नळाचे भाग आहेत. लिफ्टचे भाग आहेत! मग थकवाच आला खोटं बोलायचा. पंचावन्नावं लागेल मला यंदा. मी समोर बसले आणि सांगितलं. तपासणी कशी अर्ध्यात सोडली ते. रेडिएशननं वाट कशी आवळते ते. माप, जेल, श्वास. "आणि आक्का, आधी औषध म्हणून करायचे. आता बरं वाटतं म्हणूनही करते. मी काही चोरी करत नाहीये."

तिनं एकदाच विचारलं, "दुखतं?"

"आधी खूप. आता नाही. नीट केलं तर नाही."

उठली. फडकं त्यांच्यावर नीट घातलं, चारी कोपरे जुळवून. खोलीत जाऊन दार लावलं.

२४ मार्च

आक्का गेली. चष्मा तयार व्हायच्या आधी. "ह्यांचे हाल होतील जेवणाचे." भावजींना जेवण उत्तम करता येतं, मी स्वतः जेवले आहे.

दारात मी म्हटलं, "रागावलीस?" तिनं माझ्या गालाला हात लावला, पण बघितलं नाही.

२९ मार्च

आक्काला फोन. भावजींनी घेतला. "ती झोपली आहे." सकाळचे अकरा वाजले होते.

२ एप्रिल

चार नंबर. सावकाश, वीस मिनिटं, तिसऱ्या नंबरावरून चढत. माझ्याच धीराचं कौतुक वाटलं. उद्या-परवा काही करायचं नाही, विश्रांती.

आक्काचा चष्मा तयार आहे. कुरिअरनं पाठवला. मिळाला म्हणून फोन नाही.

६ एप्रिल, सोमवार

तपासणी.

टेबलावर एकटीच चढले. सिस्टरनी हात धरला नाही, मीच सांगितलं होतं नको म्हणून. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "आधी सांगा काय करताय. मी हो म्हटलं की मग. आणि लहान माप घ्या." मी! डॉक्टरला! त्या म्हणाल्या, "जशी आज्ञा."

श्वास सोडला. पुन्हा. छतावर एक पाल होती, तिच्याकडे बघत राहिले.

"झालं," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"बघून झालं. नमुना पण घेतला. डोळ्यांना तरी सगळं गुलाबी दिसतंय. दहा दिवसांत रिपोर्ट."

सिस्टर पडद्याआड गेल्या आणि नाक शिंकरल्याचा मोठा आवाज आला.

१२ एप्रिल, रविवार

लिफ्टवाल्यांना सांगितलं. रिपोर्ट यायच्या आधीच. नंतर सांगितलं असतं तर ते बरी झालेली बाई बघून हो म्हणाले असते.

बागेतल्या बाकावर. मी सगळं एका दमात बोलले, चपलेकडे बघत. आजार काय होता, कुठे होता, आत काय झालंय, घरी डबा आहे, त्यात पाच मापं आहेत, पाचवं अजून जमलेलं नाही आणि कदाचित जमणारही नाही. "तेव्हा तुम्ही दारं बघायला येता ते... तुम्हाला माहीत असावं."

समोर एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला समजावत होते की घरी चल.

मग लिफ्टवाले म्हणाले, "घाई कुणाला आहे? मी जिना चढताना दोनदा थांबतो. रक्तदाबाची गोळी घेतो. तिच्यामुळे माझंही सगळं वेळेवर होईलच असं नाही." त्यांचेही कान लाल. "मी काय करायचं नाही, तेवढं आधी सांगा. बाकीचं शोधू."

काय करायचं ते सगळे विचारतात. काय करायचं नाही हे कुणी विचारलं नव्हतं मला.

१६ एप्रिल

रिपोर्ट आला. स्वच्छ.

स्वच्छ. स्वच्छ. स्वच्छ.

आक्काला फोन केला. भावजींना सांगितलं. मागे तिचा आवाज आला — "देवा!" — पण फोनवर नाही आली. रडले. रिपोर्टनं नाही, तिच्यामुळे.

२३ एप्रिल

रोज वाटतं, मी तिला तसं सांगायला नको होतं का? "चोरी करत नाहीये" — किती तावातावानं! औषध आहे म्हणून थांबले असते तर आज तिचा फोन असता. पण मग ते अर्धंच खरं झालं असतं.

३ मे, रविवार

दुपारी. पडदा नाही ओढला, समोर झाडच आहे.

दोघांनी चष्मे काढून टेबलावर ठेवले. मग एकमेकांना नीट दिसेना, तर परत घातले!

सगळं मी दाखवलं. चिठ्ठी नव्हती आता, पाठ आहे. हात धुतले त्यांनी, कोपरापर्यंत, ऑपरेशनला निघाल्यासारखे. नखं कालच कापून आले होते. जेल हातावर घेऊन आधी गरम केलं. दोन नंबर त्यांच्या हातात दिली आणि त्यांचा हात माझ्या हातात धरला. "बरं?" "हो." "अजून?" "थांबा जरा." थांबले. खरंच थांबले. मी म्हणेपर्यंत हललेच नाहीत. त्या थांबण्यातच माझं अर्धं काम झालं.

तीन नंबरला मला टोचलं. म्हटलं पुरे. त्यांनी लगेच बाजूला ठेवली, चेहरा पाडला नाही, समजूत घातली नाही. बाकी हात होते, तोंड होतं, वेळ होता. मी ओरडले तर ते घाबरले — "दुखलं?" "नाही हो, अहो, नाही!"

पुस्तकात लिहितात ते सगळं झालं असं नाही. जे झालं ते माझ्या मापाचं होतं.

नंतर त्यांनीच धुतली. फडक्यावर ओळीनं वाळत घातली आणि त्यांच्यावर दुसरं फडकं टाकलं नाही.

११ मे

सिस्टर विचारत होत्या, नव्या बायकांशी बोलाल का? महिन्यातून एकदा, अर्धा तास. डबा स्वेटरच्या मागे ठेवणाऱ्या पुष्कळ आहेत म्हणे.

हो म्हटलं. आधी शब्द शिकवीन त्यांना. मोठ्यानं म्हणायला लावीन.

१७ मे, रविवार

आक्काचा फोन. जवळजवळ आठ आठवड्यांनी. कशी आहेस नाही, काही नाही.

"त्या नर्सबाईंचा नंबर दे."

"कुणासाठी?"

आक्कानं एक श्वास सोडला. मग अगदी हळू — "अकरा वर्षं हे बाहेरच्या खोलीत झोपतात. मीच काढलं त्यांना. दुखायचं गं फार. सांगितलं नाही कधी. त्यांना वाटतं, ते मला नकोसे झाले."

मी नंबर सांगायला लागले. तिला पेन सापडेना. आणि मागून भावजींचा आवाज आला — "सांगू दे तिला. मी लिहून घेतो."